हा पलंग मामाच्या शेडमधला नाही

परवा दुपारी मामाला बघायला दवाखान्यात गेले. बघते तर काय, हा पलंगावर कुशीला वळून, हात खाली घालून फ्रेम चाचपत होता... अगं बाई, सलाईनची सुई निघाली असती ना!

"वेल्डिंग साजरी हाय पोट्टे," म्हणाला. "आपल्यापेक्षा साजरी."

बीरगांवला मामाची दवाखान्याचे पलंग बनवायची शेड होती. केंद्र सरकारच्या टेंडरवरच ती चालायची. कॉलेजात असताना त्यानेच मला टेंडरचे कागद लावायला शिकवलं. आज तोच माझा धंदा आहे, शंकर नगरात छोटंसं ऑफिस आहे.

आधी अशा टेंडरमध्ये परदेशी कंपन्यांना येताच येत नव्हतं. मग आपला त्यांच्या देशाशी करार झाला आणि त्यांना दार उघडलं... अगदी कायद्याने. त्यातलीच एक कंपनी पलंगांच्या टेंडरचं काम घेऊन माझ्याकडे आली, आणि मी हो म्हटलं.

मामाला फोनवर म्हटलं, या वेळी फार काम आहे रे, तुझे कागद दुसऱ्या कोणाकडून भरून घे. कोणाचं काम आहे ते सांगायला जीभच रेटली नाही.

टेंडर त्यांना मिळालं. लबाडी कुठेच नाही, सगळं नियमात. मामाची शेड मात्र बंद झाली, आठ वेल्डर घरी बसले. आणि आता तो आजारी पडून त्यांच्याच पलंगावर...

परवा राहवलंच नाही. रडत रडत सांगून टाकलं, "मामा, त्यांचे कागद मीच भरले होते."

"मले मालूम हाय," तो म्हणाला. टेंडर उघडल्यावर साइटवर सगळ्यांचे कागद दिसतात, ते त्याने तेव्हाच पाहिले होते. "पहिल्या पानावर यादी, अन् दर कागदाच्या कोपऱ्यात लाल आकडा... असं लावते कोण? मीच शिकवलं ना तुले."

म्हणजे इतके महिने त्याला माहीत होतं! तरी दर रविवारी माझ्याकडे जेवायला येत राहिला, एका शब्दाने बोलला नाही. मीच मेली मान खाली घालून वाढत होते.

मी निघताना त्याने माझा हात धरला. "काहून रडून राहिली? एक कागद चुकला नव्हता तुया."

कॉलेजपासून मामाच्या तोंडून हेच ऐकायचं होतं मला. ऐकलं... आणि घरी येईपर्यंत रडत होते.