उदार

मेश्राम मॅडमना खुर्चीवरून मी उठवलं. सर नुसते बोलले होते.

कर्वेनगरातल्या आमच्या कॉलेजची स्टाफरूम. मॅडम भंडाऱ्याहून नव्याच आलेल्या. माझ्यासारख्याच तासिकावाल्या, म्हणजे शिकवू तेवढ्याच तासांचे पैसे. विभागप्रमुख सर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "खुर्च्या कायम लोकांच्या आहेत. तासिकावाल्यांना खिडकीशी बाक आहे. आम्ही उदार आहोत, म्हणून चहा तरी मिळतो."

"काऊन जी सर?" मॅडमनी विचारलं. "खुर्ची तं रिकामी आहे."

कोणीतरी हसलं. मी घाईनं म्हणालो, "उठा हो मॅडम. कशाला विषय वाढवताय?"

त्या उठल्या. बघितलं मात्र माझ्याकडे.

उदारीकरणाचे दिवस होते. खाली कॉम्प्युटरच्या नव्या कोर्सला एसी लागला होता. वर राज्यशास्त्राची कायम भरती बंद. जूनमध्ये कोणाला तास द्यायचे, ते सर ठरवायचे.

पुढचा तास माझाच. विषय स्वातंत्र्य. फळ्यावर लिहिलं, 'अडवणारं कोणी नसणं म्हणजे स्वातंत्र्य.' आणि खडू थांबला.

मला कोण अडवत होतं? कोणीच नाही. सर कधी ओरडले नाहीत. रजा मागितली की द्यायचे. दिवाळीत फराळाला बोलवायचे. तरी त्यांची पावलं ऐकू आली की मी बाकावरसुद्धा सावरून बसायचो. त्यांचा चेहरा वाचून मगच तोंड उघडायचो. आज तर त्यांनी सांगायच्या आधीच त्यांचं काम केलं होतं. उदार माणसाची मर्जी सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि मी पोरांना स्वातंत्र्य शिकवत होतो.

वाक्य पुसलं. पोरं ते उतरवून घेऊन मोकळी झाली होती.

'जो देतो तो उदार असेल, पण जे काढून घेता येतं ते स्वातंत्र्य नव्हे,' एवढं लिहून खाली स्टाफरूममध्ये आलो. सगळे होते. मॅडम बाकावर. मी रिकामी खुर्ची ओढून बसलो.

सर शांतपणे म्हणाले, "अहो, जून फार लांब नाही."

"माहीत आहे सर," मी म्हणालो. मग मॅडमकडे वळलो.

"मॅडम, मघाशी माझे तास जातील म्हणून मी तुम्हाला उठवलं. माझं चुकलं. माफ करा. शेजारची खुर्ची रिकामी आहे. यापुढे मी कोणाला उठवणार नाही, आणि स्वतःही उठणार नाही."