टोलिव्हरबाई पडद्यावर रडल्या

कॅन्ससमधल्या आल्मा टोलिव्हरबाईंचा सतरा वर्षांचा मुलगा, ऑर्विल, रेल्वेच्या रुळांवर मरून पडलेला सापडला. खिशात हाताने वळलेली गांजाची सिगारेट होती. तो पडला की मुद्दाम आडवा झाला, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. पाद्री हॉस्किन्सनी सगळा दोष गांजाच्या माथी मारला, आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. नवऱ्याने तर घरात पोराचं नाव काढायलाही बंदी केली.

बाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "एक जरी पोर वाचलं, तरी माझा ऑर्विल फुकट गेला नाही," म्हणत त्यांनी चर्चच्या बायकांना कामाला लावलं. केक आणि गोधड्या विकून सिनेमा काढायचं ठरलं.

आता गंमत अशी, की गांजा चढलेला माणूस त्या मंडळींत कुणी पाहिलाच नव्हता. पाद्री नटांना म्हणाले, "तंबूतल्या प्रार्थनेत लोकांच्या अंगात येतं ना, तसंच घुमा!" झालं! एका झुरक्यात पोरं डोळे फिरवून जमिनीवर लोळायला लागली. त्यात गांजापायी मेलेल्या पोराच्या आईचं काम करणारी नटी आयत्या वेळी आलीच नाही.

"आल्माबाई, तुम्हीच उभ्या राहा," पाद्री म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या आणि रडल्या. फिल्म महाग, त्यामुळे ते दृश्य पुन्हा घेतलं नाही.

पुढे एका फिरत्या खेळवाल्याने सिनेमा विकत घेतला, मध्येमध्ये उघडेवाघडे नाच घुसडले आणि 'फक्त प्रौढांसाठी' म्हणून गावोगाव दाखवला. त्या मेल्याला कुठे पोरं वाचवायची होती! मग सिनेमा धूळ खात पडला.

छत्तीस वर्षांनी बाईंच्या कानावर आलं, की शहरातल्या कॉलेजात तो दर शनिवारी हाऊसफुल्ल जातो. आता विधवा झालेल्या बाई ठेवणीतली टोपी घालून, बस पकडून गेल्या. सभागृहात गांजाचा धूर कोंडला होता. पोरं खो खो हसत होती. बाई मिळाली त्या खुर्चीत बसल्या.

शेजारचा दाढीवाला पोरगा म्हणाला, "आजी, खरी धमाल आता! पोराचं नाव टॉम, आणि ही बया त्याच्या मढ्यावर पडून भलतंच नाव घेते. संवादच विसरली! आम्ही सगळे तिच्याबरोबर ओरडतो. तुम्हीपण ओरडा हं."

पडद्यावर तरण्या आल्माबाई प्रेतावर कोसळल्या. अख्खं सभागृह एका सुरात ओरडलं, "ऑर्विल! ऊठ रे, ऑर्विल!"

इतक्या वर्षांत ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं. बाई उठून उभ्या राहिल्या आणि जीव खाऊन त्यांनीही हाक मारली.

"वा, आजी!" म्हणत पोरांनी टाळ्या पिटल्या.