ॲमस्टरडॅममधलं फुकट जेवण

फुकट जेवण, या दोन शब्दांपाशी मृणालिनीचं मन येऊन अडकलं होतं. एरवी सूर्यकांतबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नव्हती. गेली सात वर्षं दर शुक्रवारी त्याच्या हातची सुरमईची आमटी घरात येत होती. पण युरोपातल्या शहरात कुणी एका अनोळखी पोराला पोटभर जेवू घालतं आणि पैसे घेत नाही, हे तिला काही केल्या पटेना.

सूर्यकांत मूळचा देवगडचा. इथे आखातात, देऱ्यातल्या मासळीबाजाराच्या मागे साइटवर राबणाऱ्या आपल्या माणसांसाठी त्याने मेस काढली होती. त्याआधी तो मालवाहू बोटीवर भंडारी होता, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. चालताना अजूनही पाय फाकवून टाकायचा, जणू जमीन कधीही कलंडेल. कुठलंही बंदर त्याला खाण्यावरून आठवायचं. बसऱ्याचं नाव काढलं की खजूर, मोम्बासाचं काढलं की नारळातला मासा. मात्र तिथे तो कुणाच्या पंगतीला बसला, हे त्याच्या तोंडून कधी निघत नसे. गावी बायको होती, तानुबाई. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत मृणालिनी त्यांच्या घरी गेली होती, तेव्हा तानुबाईने तिच्या मुलाला, वरदला, शेजारी बसवून इतकं वाढलं की पोराला उठवेना. निघताना तिने हळूच विचारलं होतं, "हे तिकडे नीट जेवतात ना हो?"

तोच वरद आता इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेला निघाला होता. नव्याण्णव सालचा ऑगस्ट. विमान ॲमस्टरडॅमला बदलायचं होतं. सकाळी पोचून रात्रीपर्यंत मोकळा वेळ, म्हणून शहर बघायचा व्हिसाही काढून ठेवला होता. शुक्रवारी सूर्यकांत डबा घेऊन आला आणि विषय निघाला.

"हॉटेलात बसू नको रे बाबा," तो वरदला म्हणाला. "पाणी मागितलं तरी बिलात लावतात."

"एअरपोर्टवर सँडविच खा आणि गप्प बस," मृणालिनीचा नवरा हेमचंद्र पेपरातून डोकं न काढता मुलाला म्हणाला. "पंधरा दिरहम तर पंधरा दिरहम. म्हणजे पावणेदोनशे रुपये. जाऊ दे."

"पावणेदोनशेचा पाव? साहेब, तेवढ्यात माझ्याकडे चार माणसं जेवून ढेकर देतात." सूर्यकांत वरदकडे वळला. "स्टेशनजवळ भिंतीत काचेचे कप्पे दिसतील. नाणं टाकलं की दार उघडतं, आत गरम वडा. दिसतो आपल्या बटाटवड्यासारखा, पण आत गोमांस. तो घेऊ नको. सरळ ट्राम धर आणि सूरीनामवाल्यांच्या दुकानात जा. आजे-पणजे बिहारचे, उसाच्या मळ्यात कामाला बोटीने नेलेले. आता तिथे रोटी विकतात. बटाटा, चवळीच्या शेंगा, उकडलेलं अंडं. हाताने खायचं. माझं नाव सांग, पैसे घेणार नाहीत."

"का घेणार नाहीत?" मृणालिनीने विचारलं.

"आमची बोट अडकली होती तिथे, वहिनी. मालकाने देणी थकवली, कोर्टाने बोट धक्क्याला बांधून ठेवली. पगार खलास, रेशन खलास. त्या दुकानवाल्या बाईने हिवाळाभर आम्हाला जेवू घातलं."

"तुम्हाला घातलं. वरदला कशाला घालेल?"

सूर्यकांतने रिकाम्या डब्याची कडी दोनदा लावून पाहिली. "बाई तशी आहे," एवढंच म्हणून तो उठला.

मंगळवारी तो पुन्हा आला. हातात मांजरपाटात शिवलेलं पुडकं होतं. इथे कुणी विमानात बसणार म्हटलं की दहा घरांतून सामान येतं, आणि नाही म्हणायची रीत नाही. पण एक नियम सगळे पाळतात. देणाऱ्याने सामान उघडं आणायचं, एकेक वस्तू दाखवायची आणि नेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बांधायची. यात कुणी राग मानत नाही. खुद्द सूर्यकांतने सुट्टीवर जाताना खोलीतल्या एकाचा बंद खोका परत केला होता. "हबीबी, उघड, नाहीतर घेऊन जा," म्हणाला होता. आणि आज त्यानेच चारी बाजूंनी बारीक टाके घालून आणले होते.

"सूर्यकांतभाऊ, शिवून आणलंत?"

"मसाला आहे, वहिनी. सांडतो."

"मसाल्याला पिशवी पुरते."

"थोडं कोकमपण आहे." त्याने चपलांकडे पाहिलं. "नको म्हणालात तरी राग नाही. पण उसवू नका."

तो गेल्यावर वरद हसला. "आई, यू आर बीइंग पॅरानॉइड. इट्स सूर्या अंकल."

"म्हणूनच ठेवून घेतलं. दुसरा असता तर दारातून परत पाठवला असता."

तिने पुडकं दाबून पाहिलं. मऊ लागलं, आणि मध्येच काहीतरी किणकिणलं. कस्टमचं टेबल, त्यावर उघडलेली बॅग आणि बाजूला उभं केलेलं आपलं पोर, हे चित्र काही डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी वरद मित्राबरोबर बूट घ्यायला गेला, तेव्हा तिने ब्लेड घेतलं आणि एक बाजू उसवली.

कोकम होतं. मसालाही होता, तिने हुंगून, जिभेला लावून खात्री केली. त्याखाली खणाचं परकर-पोलकं निघालं, आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं. परकराला आत मोठी दुमड घातलेली, मुलगी वाढली की सोडता यावी अशी. कापसात गुंडाळलेल्या चार हिरव्या बांगड्या होत्या.

आधी तिला हायसं वाटलं. मग तिने हिशोब केला. बोट अडकली त्याला नऊ-दहा वर्षं झाली असणार. जेवू घालणाऱ्या बाईच्या लेकीला कुणी कौतुकाने कपडे पाठवील, त्यात वावगं काय? पण मग ते मिरवत आणील, परकर पसरून दाखवील. शिवून कशाला आणील? मुलगी त्याचीच तर नसेल? की तसं काहीच नव्हतं, आणि घरी पाळणा न हललेल्या माणसाला हे कपडे चारचौघांत दाखवायचाच संकोच वाटला? दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या वाटत होत्या, आणि तानुबाईचा तो हळू आवाजातला प्रश्न मधूनमधून कानात येत होता.

तिने सुईत दोरा ओवला. पुन्हा शिवून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण उद्या वरद त्या बाईसमोर बसणार, तिच्या हातचं खाणार आणि हे तिच्या हाती देणार. कुणाचं काय पोचवतोय ते माहीत नसलेला निरोप्या. कदाचित ती मुलगीच त्याला पाणी आणून देईल. तो तिचा चेहरा निरखून बघेल, नाहीतर बघणारही नाही. दोन्ही तिला नको होतं.

तिने सुई बाजूला ठेवली. काय बोलायचं ते मनाशी जुळवलं: पुडकं मी उसवलंय, तुम्ही नको म्हणाला होतात तरी. संध्याकाळी साहेब यायच्या आत या, एकेक वस्तू कुणाची ते सांगा आणि माझ्यासमोर बांधा. सांगवत नसेल तर घेऊन जा. वरद सँडविच खाईल.

मेसमधली दुपारची पंगत एव्हाना उठली असेल. तिने फोन जवळ ओढला आणि सूर्यकांतचा नंबर लावला.