कपाटातले हातमोजे

मला मिरचीपेक्षा त्या कपाटाचा राग जास्त येतो. नंदुरबारजवळच्या उघड्या माळावर लाल मिरची वाळत घालतात, त्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. मी आणि माझी वहिनी तिथे मिरचीचे देठ खुडायला जायचो. शेठच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. आत कोरे हातमोजे आणि मास्क, आणि किल्ली शेठच्या खिशात.

दिवसभर देठ खुडले की हात पेटायचे. साबण, ताक, खोबरेल, सगळं करून झालं तरी तिखट कातडीत मुरलेलंच. आमचं एक वेळ चाललं असतं, पण वहिनीचं बाळ चार महिन्यांचं होतं. एका संध्याकाळी तिने दहादा हात धुतले आणि बाळाचे डोळे पुसले. ते ज्या आवाजात रडलं, तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही. डोळे वाचले. पण तेव्हापासून वहिनी त्याला कोपरांत धरून उचलायची, बोटं लांब ताणून. स्वतःच्या लेकराच्या गालाला हात लावायची तिला चोरी झाली.

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे हातमोजे मागितले. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "हातले सवय पडी जास." मग तुम्हीच या खुडायला, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, याचा राग मला स्वतःवर आहे.

कपाट उघडायचं ते तपासणीचे साहेब येणार असले की. आम्ही सगळ्या जणींनी हातमोजे घालून बसायचं, फोटो निघायचा, आणि गाडी वळली की मुकादम ते काढून घ्यायचा. मळू नयेत म्हणून! मळायला आमचे हात होतेच.

त्या हंगामात साहेब आले तोवर बाळ सात महिन्यांचं झालं होतं. मुकादम वाटत वाटत वहिनीपाशी आला. तिने जोडी घेतली आणि शेजारी ठेवून दिली. "आज मी घालनार नई," ती म्हणाली. "रोज जसा हात ऱ्हातस, तसाच साहेबले दखाडसू."

मीही माझे काढले. मग रांगेतल्या बाकीच्या बायांनी काढले. साहेब समोर आले तेव्हा आम्ही लाल, सोललेले हात पुढे केले. वहिनीने बाळाचं सांगितलं, कपाटाचंही सांगितलं. एरवी ती चार शब्द बोलायची नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. शेठने हसत आमच्या शेजारी पडलेल्या कोऱ्या जोड्यांकडे बोट दाखवलं. आम्ही देतो हो, पण या बाया घालतच नाहीत, असं म्हणाला. साहेबांनी मान हलवली आणि फाईलवर लिहिलं. मी बारावी शिकलेली, समोरून उलटं अक्षरही मला वाचता आलं. हातमोजे पुरवले आहेत, कामगार वापरत नाहीत.

तो कागद मी फाडायला हवा होता. मी नुसती बघत राहिले. गाडी गेली, हातमोजे कपाटात गेले.

घरी पोचलो तेव्हा बाळ माझ्या आईच्या मांडीवर होतं. वहिनीला बघताच ते दोन्ही हात पसरून झेपावलं. वहिनीने कोपरं पुढे केली.