तांबड्या मातीतल्या आठळ्या

आमच्या घराण्यात जमीन कमी आणि राग फार. माझ्या वाट्यालाही तोच आला. पेडण्याजवळ चोपड्याला बाबा आणि काका एकाच घराचे दोन भाग करून राहत. मधल्या हद्दीवर आजोबांनी लावलेला कापा फणस होता. काय सांगू त्याच्या गऱ्यांची गोडी! फळं कोणाची यावरून भावांची जुंपली आणि मे महिन्यात एका सकाळी काकांनी झाडच आडवं केलं. बाबांनी तीच कुऱ्हाड हिसकावली आणि दांड्याने काकांचं मनगट फोडलं. हाड मोडल्याचा आवाज मी ओसरीवरून ऐकला.

झाड गेलं, पण आठळ्या होत्या. पावसात भाजीला होतील म्हणून आईने आणि काकीने नेहमीसारख्या त्या ओल्या तांबड्या मातीत घोळवून आपापल्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. बाबांना काकांच्या नाकावर टिच्चून तेच झाड पुन्हा उभं करायचं होतं. पण पंच हद्द ठरवीपर्यंत लावणार नाही, असं बाबाच म्हणाले. तोवर बियाणं भातासारखं खडखडीत वाळवून ठेवायचं, हे त्यांचं डोकं. फणसाचं बी वाळलं की मेलं, असं आई सांगत राहिली. तिचं ऐकतो कोण? बाबांनी आमच्या सगळ्या आठळ्या धुतल्या, उन्हात सुकवल्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केल्या. काका चोरतील म्हणून डबा कपाटात, कपाटाला कुलूप.

हद्द ठरली तेव्हा पाऊस चांगला लागला होता. बाबांनी आठळ्या पुरल्या. एकही उगवली नाही. उकरल्या तर आत काळा चिखल. काकांनीच रॉकेल ओतलं, असं ओरडत बाबा कोयता घेऊन निघाले. मी दारात आडवी आले.

"काकांनी झाड मारलं. बी तुम्ही मारलंत."

रिकामा डबा माझ्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं. भांडणानंतर पहिल्यांदाच काकी आमचा उंबरठा ओलांडून आली, जखमेत हळद दाबली. जाताना तिने आईच्या हातात एक आठळी ठेवली, तिच्या ढिगातली, मातीतच मोड आलेली.

आईने ती विहिरीकडे लावली. रोप वीतभर झालं तेव्हा बाबांनी विचारलं, कुठून आणलं. आईने खरं ते सांगितलं. त्यांनी रोप मुळासकट उपटलं.

"अहो, आपल्याच झाडाचं आहे ते."

"त्याच्या घरातून आलंय," म्हणत बाबांनी ते टाचेखाली चिरडलं. काकीच्या बाकीच्या आठळ्या तोवर शिजून संपल्या होत्या.

पुढे फणस पेडण्याच्या बाजारातून यायचा. गरा तोंडात टाकला की बाबा म्हणायचे, आपल्या झाडाची सर नाही याला. एका वर्षी आई हाताला तेल लावून फणस कापत होती. बाबांनी तेच म्हटलं. आईने त्यांच्या पुढची ताटली उचलून अंगणात भिरकावली.

"ती सर तुम्ही पायाखाली घातलीत. पुन्हा नाव काढाल तर सुरी हातात आहे माझ्या."

बाबांनी मरेपर्यंत त्या झाडाचं नाव काढलं नाही.