लॅमिनेट केलेला हुकूम

महाडला पूर येऊन गेल्यापासून आमच्या भागात कागद लॅमिनेट करायची साथ आली. जन्माचे दाखले, सातबारे, एका ओळखीच्यांनी तर लग्नपत्रिकासुद्धा करून घेतली. माझ्या चुलतभावाने कोर्टाचा हुकूम लॅमिनेट केला, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याचे दोन ट्रक त्या पुरात गेले. हप्ते थकले, तेव्हा त्याने स्वतःच अर्ज देऊन कोर्टाकडून नादारी जाहीर करून घेतली. काही वर्षांनी कोर्टाने त्याला त्यातून मुक्तही केलं. मधल्या काळात गावकीच्या बैठकीत त्याला दाराजवळ बसवू लागले. कायद्यात याला काही इलाज नाही. कायदा एवढंच म्हणतो की नादार माणसाला ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, आणि मुक्ततेचा हुकूम मिळाला की येतं. बैठकीतली जागा परत मिळेना, म्हणून भावाने पंचायतीतली मागितली.

उमेदवारी अर्जांची छाननी पोलादपूरला होती. मी निवृत्त शिक्षक, म्हणून कागद वाचायला मला नेलं. निर्णय देणारे अधिकारी एरवी शेती खात्यातले, पण त्या दिवशी पुढ्यात नावाची पाटी आणि मागे शिपाई असल्यामुळे त्यांचा आवाज न्यायाधीशाचा झाला होता.

समोरचा उमेदवार आमच्याच वाडीतला ठेकेदार. तो उठला.

"साहेब, हरकत हाय. हा नादार हाय. कोर्टातून सगळी फाईल काढून आणलीय, पानापानाचे पैसे भरून."

त्याने टेबलावर जाडजूड गठ्ठा ठेवला. भावाने शांतपणे आपला मुक्ततेचा हुकूम पुढे केला. अधिकाऱ्यांनी तो उजेडाकडे धरला, नखाने खरवडला.

"शिक्का प्लास्टिकखाली गेलाय. ही खरी नक्कल की झेरॉक्स, कसं कळणार? अशी प्रत चालत नाही."

"साहेब, भिजू नये म्हणून केलं."

"भिजलेली चालली असती."

छाननी त्याच दिवशी संपणार होती. अलिबागच्या कोर्टातून दुसरी नक्कल येईपर्यंत अर्ज बाद झाला असता. मी घरून पाठ करून आणलेलं कलम म्हणून दाखवलं. अधिकाऱ्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुरावा मागितला. तो आमच्याकडे नव्हता.

मग त्यांनी ठेकेदाराचा गठ्ठा उघडला. नादारीचा हुकूम वाचला, पानं उलटत गेले आणि शेवटच्या पानावर थांबले.

"मुक्ततेचा हुकूम तुम्हीच जोडलाय की. शिक्क्यासकट."

"तो कसा आला?"

"सगळी फाईल मागितलीत ना? हरकत फेटाळली. अर्ज वैध."

पायऱ्या उतरताना ठेकेदाराने भावाला गाठलं. "फुकटात वाचलास रे! पैसे माझे गेले."

"नक्कल जपून ठेव," भाऊ म्हणाला. "लॅमिनेट नको करूस."

निवडणुकीत भाऊ अकरा मतांनी पडला. मी समाचाराला गेलो, तर हा खुशीत.

"दादा, लोकांनी पाडलंय. चारचौघांसारखा पडलोय."

गावकीच्या पुढच्या बैठकीला तो दाराजवळ न थांबता सरळ पुढे गेला आणि ठेकेदाराच्या शेजारी बसला. कुणी त्याला उठवलं नाही. जागा करून द्यायला मात्र कुणी सरकलंही नाही. बैठक संपेपर्यंत तो पाय आखडून बसून होता.