दौलत मास्तरची दुसरी खुर्ची

लाकडाच्या ट्रकवाल्यानं जंगल खात्याच्या नाक्यावर गाडी थांबवली आणि खाली न उतरताच सांगितलं, “नाकेदारबाबू, तुमचे मास्तर गेले जी, आठ दिस झाले. ताप होता. नदीले पूर, दवाखान्यात नेणार कसं?” मी पावती फाडत होतो, ती पुरी फाडली, त्याच्या हाती दिली, ट्रक सोडला. मग आत जाऊन बसलो. दौलत गेला होता, आणि आठ दिवस मला पत्ताच नव्हता…

आम्ही दोघं आरमोरीला एका बाकावर शिकलो, सातवी बरोबरच पास झालो. तो एटापल्लीच्या पलीकडे जंगलातल्या शाळेवर मास्तर म्हणून गेला. मीही जाणार होतो. तसं वचनच दिलं होतं त्याला. पण खाकी कपडे समोर आले, सलाम आले, आणि घरचे म्हणाले, मास्तरकीत काय ठेवलंय? मी नाकेदार झालो. माझं मन वळवायला फार कोणाला झटावं लागलं नाही, हे आज कबूल करतो.

दौलत मात्र माझा शब्द खरा धरून बसला. मी ‘येतो’ म्हणालो त्याच आठवड्यात त्यानं गावच्या सुताराकडून बीजाच्या झाडाच्या टणक लाकडाची दुसरी खुर्ची माझ्यासाठी करून घेतली. पुढं तपासणीला साहेब आले तर त्यांना स्वतःची खुर्ची दिली, आपण उभा राहिला. माझ्या खुर्चीला हात लावू दिला नाही. वेडाच होता! मोहफुलं वेचायच्या दिवसांत शाळेत एकही पोर यायचं नाही, तर हा फळा उचलून झाडाखाली न्यायचा. टोपली भरली की पाटी धरायची, असा त्याचा कायदा.

दर उन्हाळ्यात सायकल काढून तो सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंत सातवी पास झालेल्या तरण्या माणसांची दारं ठोठावायचा. मास्तर व्हा, म्हणायचा. बाप लोक पाणी द्यायचे, चहा द्यायचे, आणि म्हणायचे, “जंगलात धाडू का जी पोराले? तिकडच्या मास्तरले पोरगी तरी कोण देईन?” परतताना तो माझ्या नाक्यावर थांबे, पायडल मारून सुजलेले पाय धुवे. शेवटचा आला तेव्हा हडकला होता. म्हणाला, “एकबी नाई भेटला रे. मी मेलो त शाळाबी मरंल. तू कधी येऊन राह्यला?” मी नेहमीचंच म्हणालो, “पुढच्या वर्षी पाहतो.” तो हसला. त्याला ते खरं वाटलं, हेच मला आता सोसवत नाही.

पाणी उतरल्यावर त्याची ट्रंक आणायला मी बैलगाडीनं गेलो. शाळेपुढं वीसेक पोरं पाट्या घेऊन ओळीनं बसली होती. मला वाटलं, नवा मास्तर आला असेल. बरं वाटलं. इतक्यात म्हातारा पाटील पुढं आला, कुलूप उघडलं, आणि आपल्या धोतरानं दुसरी खुर्ची पुसून म्हणाला, “बसा जी, गुरुजी. मास्तर सांगे, माहा दोस्त येऊन राह्यला. आमी रोज पोरं बसवतो.”

मी खाकीत होतो. तरी त्याला काही खटकलं नाही… मी म्हणालो, मी फक्त सामान न्यायला आलोय.  मग पाटलानं पोरांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. पोरं उठली, पाट्या बगलेत मारून आपापल्या घरी गेली. एकही रडलं नाही, दंगा केला नाही.

ट्रंक गाडीत चढवली. खुर्चीही गाडीत चढवा, असं मीच सुचवलं, तर पाटील म्हणाला, “राहू द्या जी. कोनी ना कोनी येईनच.”

शाळेला कुलूप आहे. आत ती खुर्ची आहे. कोण येणार आहे? मीच गेलो नाही.